हात वर करण्याआधी

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी मुख्याध्यापिकाबाईंच्या कोटाचं माप घेत होते. "हात वर करा. छाती घेतेय. आता खाली. मागून खांदा घेतेय." मी प्रत्येक गिऱ्हाइकाला असं आधी सांगते आणि मगच टेप लावते. नव्या बाईला वाटतं, काय ही बडबड. जुन्यांना सवय झालीय. मुख्याध्यापिकाबाई तर मी म्हणायच्या आधीच हात वर करून मोकळ्या होतात.

त्यांचे हात वर असतानाच दुकानाचं दार उघडलं आणि माझी मुलगी आत आली. एका हातावर चार महिन्यांची छकुली, खांद्याला पिशवी. मी गुपचूप टेप खणात सारली. ती आली की टेप खणात, हे आता माझ्या हाताला पाठ आहे. तिने कापणीच्या टेबलावरचं अस्तराचं कापड बाजूला केलं, पोरीला तिथे निजवलं आणि पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना कापडाचे तागे लावले. मग म्हणाली, "आई, हिला तू ठेव."

"ठेवते की. एवढं माप संपू दे. किती वेळ?"

"ठेव म्हणतेय मी. सांभाळ नाही म्हणत."

मुख्याध्यापिकाबाईंनी हात खाली घेतले. त्या शहाण्या बाई. उद्या येते म्हणाल्या आणि पर्स उचलून गेल्या. जाताना त्यांनी दारावरची पाटी उलटी करून "बंद" अशी केली. हे करायचं मला सुचलं नसतं.

मुलगी पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडायला लागली. दुधाच्या बाटल्या, लंगोट, तापाचं औषध, चार घड्या घातलेला कागद. कागदावर वेळा लिहिल्या होत्या. किती वाजता दूध, किती वाजता झोप, कुठल्या कुशीवर निजते, रडली तर काय. ती शेवटची ओळ मात्र रेघ मारून खोडली होती.

"एकची बस आहे," ती म्हणाली. "मैत्रीण वसतिगृह चालवते तिकडे, परगावी. स्वयंपाकघरात काम देते म्हणालीय. त्याला चिठ्ठी लिहून ठेवलीय चहाच्या डब्याखाली. सहाला छापखान्यातून आला की वाचेल." 'तो' म्हणजे माझा जावई. "मी तिकडून पैसे पाठवीन."

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. माझा स्वभाव तापट आहे, हे मला कोणी सांगायला नको. तोंडावर आलं होतं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं. पण त्याच्याही आधी दुसरंच काहीतरी मनात येऊन गेलं, ते मला लपवायचं नाही. मी तागा सरकवून छकुलीला उचललं. ती माझ्या कोपराच्या खळगीत नीट बसली. मला मूल झालं नाही. मला मिळाली ती सात वर्षांची, दात पडलेली, स्वतःचे बूट स्वतः घालणारी मुलगी. एवढंसं कोणी माझ्या हातावर रोजचं म्हणून कधी नव्हतंच. आणि मला वाटलं, ठेवूनच घेऊ या. एक क्षण वाटलं, पण अगदी मनापासून वाटलं.

आमच्या घराची रीत इथे सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मुलगी आमच्याकडे आली तेव्हा खोलीच्या मधून चालायची नाही, भिंतीच्या कडेकडेने जायची, म्हणून आमच्या ह्यांनी तिला मुंगी म्हटलं. ते नाव राहिलं. पहिल्याच दिवशी मी तिला दुकानात आणलं, दोन फ्रॉक शिवायचे म्हणून. गळ्यातली टेप झटक्यात ओढून काढली, रोज दहा वेळा काढते तशी. मुंगी वळली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने स्वतःच्या हाताने पाठीवरचा सदरा वर धरला. मला आधी समजलंच नाही. मग पाठ दिसली. आधी ज्या नातेवाईक बाईकडे ती होती, ती बाई कमरेच्या पट्ट्याने मारायची. आमच्या घरात तिला नाव नाही, 'ती बाई' एवढंच.

त्या दिवसापासून मी मुंगीचं माप घेतलं नाही. एकवीस वर्षं तिचे सगळे कपडे नजरेच्या अंदाजाने शिवले, लग्नाचेसुद्धा. आणि त्याच आठवड्यापासून आमच्याकडे वर्दी द्यायची पद्धत सुरू झाली. गिऱ्हाइकाला सांगते तसंच घरात. "हात वर करतेय, फडताळातून डबा काढायला." "मागून येतेय." "दार लावतेय, जोरात वाजेल." आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात, मुळात अबोल माणूस, पण जिना चढताना गाणं म्हणायला लागले, तेही बेसूर, म्हणजे पोरीला कोण येतंय ते कळावं. सवय इतकी हाडात मुरली की एकदा दाताच्या डॉक्टरकडे हे म्हणाले, "मी आता तोंड उघडतोय." डॉक्टर म्हणाला, "उघडा, त्यासाठीच तर आलात." मुंगी त्यावर आठवडाभर हसत होती. ती हसायला लागली तेव्हा दहा वर्षांची होती.

ओळखीपाळखीच्यांत मी एक वाक्य मोठ्या तोऱ्यात सांगत असे. आमच्या घरात मुलीवर कधी हात उगारला गेला नाही. ते वाक्य मुंगी लहानपणापासून ऐकत आली होती.

"काय झालं ते सांग," मी म्हटलं.

"काही नाही झालं."

"मुंगे, बस एकची आहे. मला वेळ कमी आहे, तुलाही. सांग."

ती खुर्चीवर बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली, आरशाच्या बाजूला. लग्नानंतर मी तिला असं भिंतीला चिकटलेलं पाहिलं नव्हतं.

"सकाळी हा कामावर गेला आणि ही रडायला लागली. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही. तास झाला तरी रडतेच आहे. मी फिरवलं, गाणं म्हटलं. मग गादीवर ठेवलं आणि..." तिने उजवा हात वर केला. कानाच्याही वर. "इतका."

"मग?"

तिने तो हात पाठीमागे घेतला.

आणि मी जे केलं त्याची मला अजून शरम वाटते. मी छकुलीला टेबलावर निजवलं आणि तिच्या झबल्याचे बंद सोडले. न सांगता, वर्दी न देता. छाती पाहिली, दंड पाहिले, मांड्या पाहिल्या. मला वाटलं मी लंगोट बदलायच्या निमित्ताने बघतेय, कोणाच्या लक्षात येणार नाही. पण जिला लहानपणी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी असंच उलटंसुलटं करून पाहिलं होतं, तिच्यापासून काय लपणार.

"पाठ राहिली," मुंगी म्हणाली. "पाठ पण बघ. उजेडाकडे धर."

मी पाठ पाहिली. छकुलीच्या अंगावर कुठे काही नव्हतं. एक डासाची गांधी होती, तेवढीच.

"मारलं नाहीस तू हिला."

"आज नाही मारलं." तिचा आवाज अगदी सपाट होता. "आई, तो हात माझा नव्हता. मी बघत होते त्याच्याकडे. बोटं कशी ताठ, मनगट कसं मागे. ती बाई असाच घ्यायची. मला वाटलं होतं मी ते सगळं तिथेच टाकून आलेय. तू इतकी वर्षं शिवून काढलंस मला, आणि आत अस्तर त्या बाईचंच निघालं. उद्या तो हात खाली येईल. मी ते व्हायच्या आत निघतेय. तुला येतं मूल वाढवायला. तुझ्या घरात कधी हात वर गेला नाही."

साडेअकरा वाजले होते. छकुली उघडीच पडून पाय झाडत होती आणि छताच्या पंख्याकडे बघून काहीतरी बोलत होती, जणू आमची कटकट तिच्या गावीच नाही. मी बंद बांधायला घेतले. माझ्या हातांनी आजवर हजारो काजं केली असतील, पण ते चार बंद मला बांधता येईनात.

सगळं माझ्या हातात होतं, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी गप्प राहिले की पुरे. ती बसमध्ये बसेल, पोरगी माझ्याकडे राहील, आणि माझं ते तोऱ्याचं वाक्यही शाबूत राहील. जावई भला माणूस आहे, रोज संध्याकाळी येऊन भेटेल. लोक म्हणतील, बघा, दुसऱ्यांदा परक्याचं पोर पोटाशी धरलं. फक्त एक मुंगी तेवढी कुठल्यातरी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भिंतीच्या कडेकडेने चालत राहील. आणि ही मोठी झाल्यावर विचारेल, माझी आई मला का टाकून गेली.

"गेला होता," मी म्हटलं.

"काय?"

"हात. माझा हात वर गेला होता. तुझ्यावर."

मी बोलत गेले, थांबले असते तर पुन्हा बोलले नसते.

"तू अकरा वर्षांची होतीस. हिरवी मखमल आली होती, एका गिऱ्हाइकाच्या मुलीच्या साखरपुड्याची. आठवतं? मी बाहेर गेले होते आणि तू त्यातल्या पाठीच्या तुकड्यातून चौकोन कापलास, माझ्या कात्रीला पिशवी शिवायला. मी आले, ते पाहिलं. तू खाली वाकून तुकडे गोळा करत होतीस, पाठ माझ्याकडे. मी टेबलावरची लाकडी पट्टी उचलली. उचलली म्हणजे नुसती हातात घेतली नाही. डोक्याच्या वर नेली. मला तुला मारायचं होतं, मुंगे. धडा शिकवायचा म्हणून नाही. लागावं म्हणूनच मारायचं होतं. त्या वेळी मला तुझी पाठ दिसत होती, ती कसली पाठ आहे हे मला माहीत होतं, आणि तरी हात वर होता."

मी छकुलीचा शेवटचा बंद बांधला.

"मग ठेवली पट्टी खाली. दुसऱ्या दिवशी मोडून बंबात घातली आणि ह्यांना सांगितलं, हरवली. नवी आणली ती लोखंडाची, तुझ्या देखत कधी वापरली नाही. तुला सांगितलं नाही, ह्यांना नाही, कोणालाच नाही. उलट मिरवत राहिले. तर माझ्या घरात हात कधी वर गेला नाही हे खोटं आहे. ह्या खोट्याशी स्वतःला ताडून बघू नकोस."

मला वाटलं ती रडेल, किंवा चिडेल, किंवा तशीच दार उघडून चालू लागेल. तिने मान वळवून शेजारच्या आरशाकडे पाहिलं. माणूसभर उंचीचा आरसा, गिऱ्हाइकं ह्यातच कपडे घालून बघतात. दुकान उघडल्यापासून तो जागचा हललेला नाही.

"मला माहितीये," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"आरशात दिसलं होतं. तू, पट्टी, सगळं. मी हात मागे नेला होता, सदरा वर धरायला." तिने हात पाठीमागे नेऊन दाखवला, दोन बोटांत कापड धरतात तसा. "मग पट्टी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. हळूच ठेवलीस. नंतर तू म्हणालीस, टाचण्या आहेत खाली, बोटाला लागतील, जपून."

मी खुर्ची ओढली आणि बसले. खुर्ची ओढतेय हेही सांगितलं नाही. सतरा वर्षं ही पोर हे पोटात घेऊन माझं ते वाक्य ऐकत आली होती. पाहुण्यांसमोर, लग्नाच्या दिवशी, बाळंतपणात. एकदाही तिने नजरेनेसुद्धा मला खोटं पाडलं नव्हतं.

"मग मघाशी का म्हणालीस, माझ्या घरात हात वर गेला नाही म्हणून?"

"तुला तसं म्हणायला आवडतं म्हणून." आणि मग, "तू खाली ठेवलीस ना पट्टी. तुला ठेवता येते. मी तेच म्हणतेय."

"आणि तुझा हात सकाळी कुठे गेला?"

तिने मान पुन्हा आरशाकडे वळवली.

"मी विचारतेय, मुंगे. तो वर गेला, इतका. मी पोरीची पाठ पाहिली, पोट पाहिलं, तू मला उजेडाकडे धरायला लावलंस. वळ नाही. मग तो हात गेला कुठे? अजून तिकडेच वर लटकतोय का?"

"मी... खाली घेतला."

"कसा?"

"दुसऱ्या हाताने धरला." तिने डाव्या हाताने उजवं मनगट पकडून दाखवलं आणि सोडलं. आता तिथे बोटांचे ठसे मला दिसले, लालसर, चार. आणि आतल्या बाजूला अंगठ्याचा पाचवा. वळ होते तर. मी नको त्या अंगावर शोधत होते.

"त्या बाईने कधी धरला होता तो हात?"

मुंगीने नाही म्हणून मान हलवली. मग ती भिंतीला घसरत खाली बसली, आरशाच्या पायाशी, जिथे अकराव्या वर्षी तुकडे गोळा करत होती साधारण तिथेच. "पण उद्या, आई? उद्या नाही धरता आला तर?"

नाही येणार गं खाली, असं म्हणणं सोपं होतं. पण खोटं बोलून झालं होतं माझं.

"उद्यापासून तू इथे यायचं," मी म्हटलं. "पोरीला घेऊन, जावई कामावर गेले की. पडद्यामागे तिची जागा करू. काजं कर, बटणं लाव, नाहीतर नुसती बस. आणि वर्दी द्यायची."

"वर्दी तर देतेच मी. तिला उचलताना, आंघोळ घालताना."

"ती चांगल्या कामाची. रागाचीही द्यायची. हात वर जातोय असं वाटलं की तोंडाने म्हणायचं, मोठ्याने. हात वर जातोय. मी इथे असेन, किंवा जावई, किंवा बाबा. आपण सगळे एवढं तेवढं बोलत आलो, डबा काढतोय, दार लावतोय. जे बोलायला हवं होतं तेच तेवढं मी गिळलं. माझ्या हाताची वर्दी मी दिली नाही."

"आणि त्याला काय सांगू?"

"चिठ्ठी फाडू नकोस. वाचू दे त्यांना, तू समोर बसलेली असताना."

बारा वाजून गेले. साडेबारा झाले. छकुलीला भूक लागली तशी ती कुरकुरली आणि मुंगी उठली नाही. मीही उठले नाही. उठणं सर्वांत सोपं होतं, तीन पावलांवर टेबल होतं, बाटली तयार होती. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. कुरकुर वाढली, मग सरळ भोकाड पसरलं. मुंगीच्या कपाळावर घाम आला होता. ती माझ्याकडे बघत होती आणि मी जमिनीकडे.

शेवटी ती उठली. "उचलतेय हं," ती पोरीला म्हणाली, इतक्या हळू की त्या आरडाओरड्यात पोरीला ऐकू जाणं शक्य नव्हतं. उचललं, खांद्याशी घेतलं. एकची बस आमच्या गल्लीच्या तोंडावरूनच जाते. ती गेली तेव्हा काचा थरथरल्या आणि आम्ही दोघींनी तिकडे पाहिलं नाही.

इथे गोष्ट संपवली असती तर बरं दिसलं असतं. पण मी पूर्वीच एकदा बरं दिसावं म्हणून बोलले होते.

जावयांनी चिठ्ठी वाचली. त्या रात्री ते जेवले नाहीत आणि दोन दिवस छकुलीला मुंगीच्या हातात देताना घुटमळत होते. मुंगीने ते पाहिलं आणि आम्हीही पाहिलं. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच दुकानात आले, मला म्हणाले, "मला पण शिकवा ती पद्धत." लहानपणी मुंगीशी बोलायच्या त्या समुपदेशक बाईंना फोन केला. त्या आता निवृत्त झाल्यात, पण दर गुरुवारी येते म्हणाल्या. ह्यांना मी पट्टीचं सांगितलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलेलंच ठेवलं आणि म्हणाले, "हरवली नव्हती तर." एवढंच. मग संध्याकाळी जिना चढताना ते गायले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गायले.

आठ दिवस काही झालं नाही. मुंगी पडद्यामागे बसून मुख्याध्यापिकाबाईंच्या कोटाची बटणं लावायची. मी मनात म्हणायला लागले होते की झालं, निभावलं.

नवव्या दिवशी दुपारी छकुली रडायला लागली. दात येत असावेत. पाऊण तास रडत होती. मी मशीनवर होते, कॉलर जोडत होते, आणि प्रत्येक किंकाळीला माझी टीप वाकडी जात होती. पडद्यामागे मुंगीचं गाणं ऐकू येत होतं, मग गाणं थांबलं. मग पावलं थांबली.

"आई." आवाज अगदी सपाट. "हात वर जातोय."

मी पायडलवरून पाय काढला. "येतेय," मी म्हटलं. "पडदा सरकवतेय."

छकुली तिच्या जागी निजून लालबुंद झाली होती. मुंगी तिच्यावर उभी, उजवा हात कानाच्या वर, बोटं ताठ, डावा हात बाजूला लोंबत होता. धरायला तो उठलाच नव्हता. तिचे डोळे हातावर होते आणि हात खरोखरच दुसऱ्या कोणाचा वाटत होता. मला भीती वाटली, पोरीसाठी नाही, हिच्यासाठी.

"धरतेय," मी म्हटलं. "मनगट धरतेय, उजवं."

तिने मान डोलावली. मी मनगट धरलं. एकवीस वर्षांत मी तिला असं कधी धरलं नव्हतं. हात जड होता, पण खाली आला. मी सोडला नाही. माझी बोटं त्या मनगटाभोवती तशीच राहिली, आणि इतकी वर्षं ज्या कामात गेली ते माप घ्यायचं काम बोटांनी न सांगता करून टाकलं. साडेसहा इंच. मी आजवर अंदाजाने सहाच धरत आले होते.

"बाह्या मनगटाशी घट्ट होत होत्या का गं तुला?"

ती छकुलीकडे बघत होती.

"हो," ती म्हणाली. "सगळ्याच."

"मग सांगायचंस."

"आता सांगतेय ना," मुंगी म्हणाली, आणि मोकळ्या हाताने पोरीला थोपटायला लागली.